पाय आवरा, पाहुणे

लंडन मी पाहिलेलं नाही आणि आता पाहायची हौसही उरलेली नाही. पण पावणेतीनशे वर्षांपूर्वीच्या लंडनात मला कुणी नेऊन सोडलं, तर नाटकाला कुठल्या बाकावर बसायचं, कुणाच्या शेजारी बसायचं नाही आणि नाटक पडत असेल तर ओरडायचं केव्हा, हे मी डोळे झाकून सांगेन. हे सगळं ज्ञान मला भूमच्या कॉलेजात पत्र्याच्या वर्गात मिळालं. माझी सून एकदा म्हणाली, आई, ह्या ज्ञानाचा तुम्हाला उपयोग तरी काय झाला? उपयोग काय झाला ते ह्या प्रकरणात सांगते. तो कुणाला उपयोग वाटला नाही तर न वाटो, माझी काही हरकत नाही.

आमचं घर गावाच्या कडेला. दोन खोल्या, पुढं पडवी आणि पडवीच्या अंगाला खव्याची भट्टी. दिवस उजाडायच्या आत दुधाच्या किटल्या यायच्या आणि आई कढईपुढं बसायची. दूध आटताना लोखंडी उलथणं बुडाशी सारखं घासत राहावं लागतं, जरा थांबलं की बूड धरतं आणि अख्खी कढई वाया जाते. त्या खरडण्याच्या आवाजावर मी उठले, त्याच आवाजात पाढे पाठ केले आणि त्याच आवाजात पहिल्यांदा इंग्रजी कविता वाचल्या. भट्टीत जळणाऱ्या तुराट्यांचा धूर सगळ्या घरात भरलेला. वर्गातल्या मुली माझ्या वह्या हुंगून बघायच्या, कारण त्यांना म्हणे पेढ्याचा वास यायचा. जेवायला मात्र ज्वारीची भाकरी, येसराची आमटी आणि शेंगांची चटणी. खवा विकायचा, आपण खायचा नाही, असा घरचा कायदा होता. कढईच्या कडेला चिकटलेली खरवड तेवढी आम्हा भावंडांची, आणि तिच्यावरून आम्ही खरोखरची मारामारी केलेली आहे. आईच्या हातातलं उलथणं सुटायचं नाही, त्यामुळं ती लग्नकार्य सोडलं तर कुठं जायची नाही. जा म्हणणारंही कुणी नव्हतं.

वडिलांना आम्ही दादा म्हणायचो. दादांचं नाव आसपासच्या दहा-वीस गावांत माहीत होतं ते खव्यामुळं नव्हे. तरुणपणी ते जत्रेच्या नाटकांत बाईचं काम करायचे. राणी, विधवा, सासुरवाशीण, जी म्हणाल ती. दादा पदर सावरत आले की मागची माणसं उभी राहायची असं मी बाजारात म्हाताऱ्यांच्या तोंडून कितीदा ऐकलं. आईनं त्यांचं एकही नाटक बघितलं नव्हतं. बायांनी नाटकाला जायचं नाही अशी काही दवंडी नव्हती, पण चांगल्या घरची बाई जात नसे, एवढं पुरे होतं. म्हणजे दादा गावापुढं बाई होऊन उभे राहायचे आणि त्यांची खरी बाई घरी दूध ढवळत बसायची. मला हे लहानपणीसुद्धा खटकायचं, पण विचारायचं कुणाला? मला कळायला लागायच्या आत दादांनी तोंडाला रंग लावणं बंद केलं होतं. का, ते घरात कुणी बोलत नसे.

कॉलेजात इंग्रजी घेतलेले आम्ही सात जण, त्यात मुलगी मी एकटी. शिकवायला साबणे सर. किरकोळ अंगाचे, सोलापूरकडचे, सतत खोकणारे. अभ्यासक्रमात एक जुनं इंग्रजी नाटक होतं, ते त्यांनी पंधरा दिवसांत उरकलं आणि उरलेलं वर्ष त्या काळात लोक नाटकाला कसे जायचे तेच सांगत बसले. तिथं नाटक चालू असताना प्रेक्षकांच्या डोक्यावरची झुंबरं विझवत नसत. त्यामुळं नट प्रेक्षकांना बघायचे आणि प्रेक्षक एकमेकांना. बड्या लोकांचे नोकर दुपारपासून जागा धरून बसायचे, मालक आले की उठून वरच्या सज्जात जायचे आणि वरून सगळ्यांत मोठ्यानं शेरे मारायचे. संत्री विकणाऱ्या बाया बाकांमधून फिरायच्या आणि नाटक रटाळ निघालं तर संत्र्यांची सालं रंगमंचावर पडायची. नवं नाटक जगणार की मरणार ते खालच्या बाकांवरची माणसं पहिल्याच दिवशी ठरवायची. बायका तुमानी घालून पुरुषांची कामं करायच्या आणि ते बघायला झुंबड उडायची. नटानं किंवा नटीनं लोकांना दुखावलं, तर पुढं येऊन माफी मागितल्याशिवाय लोक पुढचा खेळ होऊ द्यायचे नाहीत, कधी तर गुडघे टेकायला लावायचे. आणि काही श्रीमंत मंडळी तर जादा पैसे मोजून थेट रंगमंचावरच खुर्च्या टाकून बसायची. हे सांगताना सर इतके हसले की त्यांना खोकल्याची ढास लागली. आम्ही कुणीच हसलो नाही. आमच्यातला दिलीप म्हणाला, "त्यात काय सर, पाहुणे स्टेजवरच बसत्यात की."

त्याचं बरोबर होतं. आपल्याकडं नारळ फोडायचा असो की वह्या वाटायच्या असोत, मोठी माणसं व्यासपीठावर, खुर्चीवर, हार घालून बसणार आणि ज्यांच्यासाठी कार्यक्रम आहे ते खाली उन्हात. सरांना ह्यातून एक कल्पना सुचली, आणि पुढचं सगळं त्या कल्पनेमुळं झालं. स्नेहसंमेलनात त्यांनी त्या काळच्या लंडनच्या धाटणीचं एक विनोदी नाटक स्वतः मराठीत लिहून बसवायचं ठरवलं. खेळ दुपारी, भर उजेडात, म्हणजे झुंबरांची उणीव भासायला नको. आणि अस्सलपणा म्हणून मान्यवरांच्या खुर्च्या स्टेजवरच, दोन्ही बाजूंना, मधे नाटक. प्राचार्यांना तर हे फारच आवडलं. मान्यवरांना खाली बसवायचं संकट त्यांचं आपोआप टळलं होतं.

नाटक साधं होतं. रंगराव नावाचा एक छानछोकी गडी शहरातून गावात येतो आणि आपण मोठे सरदार असल्याची बतावणी करून चंद्रिका नावाच्या मुलीला मागणी घालतो. त्याचा कोट, घड्याळ, छडी, सगळं उसनं. शेवटच्या प्रवेशात चंद्रिका त्याला एकेक वस्तू उतरवायला लावते आणि मग त्याला घरात घ्यायचं की हाकलायचं ते ठरवते. मी रंगराव मागून घेतला. मुलगी बाईचं काम करायला उभी राहिली तर गाव काय बोलणार ते ठरलेलं होतं. पुरुषाचं काम केलं तर काय बोलायचं ते गावाला सुचायला वेळ लागेल, असा माझा अंदाज. चंद्रिका दिलीप झाला. मिशी फुटू लागलेली चंद्रिका बघून सर म्हणाले, चालेल, लंडनात ह्याहून वाईट बघितलंय लोकांनी.

घरी मी लपवलं नाही. जेवताना सांगून टाकलं. दादांनी हातातला घास ताटात ठेवला आणि म्हणाले, "आपल्या घरातली पोर स्टेजवर जानार न्हाय."

"तुमी बाई हून गेला ते चाललं. म्या बाप्या हून जाते," मी म्हणाले.

ते उठून गेले आणि पुढं दहा दिवस माझ्याशी बोलले नाहीत. मीही कमी नव्हते. रोज दुपारी भट्टीजवळ उभी राहून मोठमोठ्यानं तालीम करायचे, रंगरावाची वाक्यं माझी आणि चंद्रिकेचीही मीच. दादा पडवीत पाठ करून खव्याचे गोळे फडक्यात बांधत बसायचे. आई काही म्हणायची नाही, पण गमतीच्या जागी उलथण्याचा आवाज जरा मंद व्हायचा. संमेलनाच्या दिवशी सकाळी तिनं आलेलं सगळं दूध विरजणाला लावलं आणि दादांना सांगितलं, आज खवा न्हाय, म्या नाटकाला जानार हाय. 

मांडवात डाव्या हाताला बाया आणि उजव्या हाताला पुरुष बसलेले. आई शेजारच्या दोघींना घेऊन पुढं येऊन बसली होती. मी दादांचा जुना कोट घातलेला, काजळाची मिशी, हातात छडी. पहिले दोन प्रवेश असे काही रंगले की सर विंगेत उभ्या उभ्या नाचत होते. अडचण एकच होती. संस्थेचे एक संचालक, त्यांना सगळे बापूसाहेब म्हणायचे, ते उजवीकडच्या पहिल्या खुर्चीत बसले होते आणि त्यांनी पाय लांब करून थेट आमच्या वाटेत ठेवला होता. पान चघळत ते शेजाऱ्याशी मोठ्यानं कुठल्याशा बदलीबद्दल बोलत होते. रंगरावाला ऐटीत इकडून तिकडं जायचं होतं. दोनदा मी वळसा घालून गेले. तिसऱ्यांदा थांबले. ते मी ठरवून केलं नाही, पण चुकून झालं असंही म्हणणार नाही. छडीचं टोक त्यांच्या बुटावर टेकवलं आणि रंगरावाच्याच आवाजात म्हणाले, "पाय आवरा, पाहुणे. ही वाट रंगरावाची आहे."

मांडव फुटला म्हणायचा. बायांच्या बाजूनं एवढं हसू मी त्या गावात कधी ऐकलं नव्हतं. बापूसाहेबांनी पाय घेतला, खरं सांगते, चटकन घेतला, आणि आपण तो घेतला हे ध्यानात आल्यावर ते उठले. ते उठले म्हणून बाकीचे मान्यवर उठले. प्राचार्यांनी हातानं खूण केली आणि चंद्रिकेनं कोट मागायच्या आधीच पडदा पडला.

संध्याकाळी कॉलेजचा कारकून घरी निरोप घेऊन आला. उद्या अकरा वाजता बक्षीस समारंभ आहे, तिथं सगळ्यांसमोर स्टेजवरून माफी मागायची, नाही तर नाव कमी. त्याच्या मागोमाग साबणे सर आले. त्यांनी पडवीत बसून चहा घेतला आणि खिशातून एक कागद काढून माझ्यापुढं धरला. माफीची तीन वाक्यं, सुबक अक्षरात. म्हणाले, वाचून दाखव आणि विषय संपव, माझी नोकरी अजून कायम नाही. मग म्हणाले, लंडनातही नट माफी मागायचेच की. मी विचारलं, आणि ज्या नटी मागायच्या नाहीत त्या? सर कपातल्या चहाकडं बघत म्हणाले, "त्या घरी बसायच्या." मला त्यांचा संताप आला. त्यांना बायको होती, म्हातारे आईवडील होते, हे आज मला कळतं. पण राग यायचा तो आलाच, आणि अजूनही तो पुरता गेला आहे असं मी खोटं लिहिणार नाही.

सर गेल्यावर दादा दहा दिवसांनी पहिल्यांदा माझ्याशी बोलले. मला वाटलं आता शिव्या बसणार. त्यांनी तो कागद उचलला, वाचला, आणि शांतपणे सांगू लागले. एका जत्रेत ते सासुरवाशिणीचं काम करत असताना पुढच्या गादीवर बसलेला एक बडा माणूस त्यांना मांडीवर येऊन बस म्हणाला. दादांनी त्या सासुरवाशिणीच्या तोंडून त्याला असं उत्तर दिलं की लोक लोळून हसले. दुसऱ्या दिवशी त्याच स्टेजवर त्यांना साडी नेसायला लावून नाक घासायला लावलं. दादांनी घासलं. हे सांगताना त्यांचा आवाज बदलला नाही. कागद माझ्या हातात परत देत म्हणाले, "म्या मागितली हुती माफी. त्याच्यानंतर मला कधी रंग लावावा वाटला न्हाय. तुजं तू ठरीव." आई आत भाकरी थापत होती. तिला हे ठाऊक होतं की नव्हतं, मला कळलं नाही, पण थापण्याचा आवाज थांबला होता.

दुसऱ्या दिवशी मांडवात आदल्या दिवसापेक्षा गर्दी. बायांची बाजू तर उतू चाललेली, आमच्या गल्लीतली एक बाई घरी राहिली नसेल. स्टेजवर टेबल, हार, तसबिरी आणि मधल्या खुर्चीत बापूसाहेब. बक्षिसं झाली आणि प्राचार्य म्हणाले, एका विद्यार्थिनीला दोन शब्द बोलायचे आहेत. मी वर गेले. साधी साडी, दोन वेण्या, हातात तो कागद.  मी कागद उघडला नाही, तसाच घडी घालून प्राचार्यांपुढं टेबलावर ठेवला. म्हणाले, "काल जे बोलला ते रंगराव बोलला. पण पाय खरंच वाटेत होता, आणि तो आज असता तर मी आजही तेच म्हणाले असते. माफी मागायला मी रात्रभर कारण शोधलं. सापडलं नाही."

 बापूसाहेब खुर्चीत पुढं सरकले आणि म्हणाले, हिच्या बापाला बोलवा. एवढ्यात बायांच्या बाजूनं कुणीतरी उठलं. माझी आई होती. जिनं चारचौघांत कधी तोंड उघडलं नव्हतं ती आई, डोक्यावरचा पदर सारखा करत उभी राहिली.

"माफीचं ऱ्हाऊ द्या," ती म्हणाली. "नाटक अर्धं ऱ्हायलंय. ती चंद्रिका त्येला घरात घेती का हाकलती, ते कळल्याबिगर आमी उठनार न्हाय."

आणि ती खाली बसली. मागून दुसरी म्हणाली, व्हय, दावा की पुढलं. मग तिसरी. मग पुरुषांच्या बाजूनंही सुरू झालं. मी स्टेजवर उभी राहून बघत होते. सरांनी वर्षभर ज्या बाकांचं वर्णन केलं होतं ती माणसं माझ्यासमोर बसली होती, आणि नाटक जगणार की मरणार हे ठरवायचा आपला हक्क त्यांना कुणी न सांगताच ठाऊक होता. प्राचार्य घाम पुसत माझ्या कानाशी म्हणाले, पण चंद्रिका कुठंय? चंद्रिका आलीच नव्हती. दिलीपचे वडील संस्थेच्याच शाळेत नोकरीला, त्यांनी त्याला घरातून बाहेर पडू दिलं नव्हतं.

तोवर दादा पुरुषांच्या मधून वाट काढत स्टेजकडं येत होते. बापाला बोलावलं होतं, बाप आला, आता तो हात जोडणार असं सगळ्यांना वाटलं. मलाही वाटलं. दादा पायऱ्या चढून वर आले. बापूसाहेबांकडं त्यांनी बघितलंसुद्धा नाही. खांद्यावरचं उपरणं काढलं, डोक्यावरून घेतलं, एक टोक दातात धरलं आणि कंबर किंचित मुरडून माझ्यापुढं उभे राहिले. आणि मी आयुष्यात कधी न ऐकलेल्या एका बारीक, गोड आवाजात म्हणाले, "रंगराव, हा कोट कुणाचा?"

माझ्या अंगात कोट नव्हता. मी नसलेला कोट उतरवला. मग नसलेलं घड्याळ, नसलेली छडी. दादांना सगळी वाक्यं पाठ होती असं नाही. दोनदा ते अडखळले, तेव्हा विंगेतून कुणीतरी हळूच वाक्य पुरवलं आणि पाठोपाठ खोकल्याची उबळ आली. एका ठिकाणी दादांनी कुठल्या तरी जुन्या नाटकातली विधवा मधेच घुसवली, तरी लोकांनी ती गोड मानून घेतली. बापूसाहेब कधी उठून गेले ते मी बघितलं नाही. शेवटी चंद्रिका रंगरावाला वरपासून खालपर्यंत न्याहाळते आणि म्हणते, आता दिसलास, ये घरात. ते वाक्य दादा म्हणाले तेव्हा टाळ्या किती वेळ चालल्या ते मला सांगता येणार नाही. मी रडत होते आणि मला त्याची लाज वाटत नव्हती.

नाव कमी झालंच. आठवड्याच्या आत पत्र आलं, शिस्तभंग वगैरे. पुढं मी घरी बसून, बाहेरून परीक्षा देऊन बीए झाले, मग बीएड, आणि तीस वर्षं पोरांना इंग्रजी शिकवलं. साबणे सर पुढच्या वर्षी दुसरीकडं गेले, त्यांचं पत्र कधी आलं नाही. अलीकडं लोक मला कार्यक्रमांना पाहुणी म्हणून बोलावतात. मी जाते, पण खाली पहिल्या रांगेत बसते. आयोजक हातापाया पडतात, वर या म्हणतात. नाही म्हणजे नाही.

त्या दिवशी खेळ संपल्यावर आम्ही तिघं चालत घरी निघालो. दुपार झाली होती, रस्ता तापला होता, आई नेहमीसारखी दोन पावलं मागं. लोक थांबून थांबून दादांना नमस्कार करत होते, वा वा म्हणत होते, आणि दादा मान खाली घालून चालत होते. घर जवळ आल्यावर ते थांबले, मागं वळले आणि तिच्याकडं न बघता म्हणाले, "कसं झालं?"

आईनं जरा विचार केला. घाईनं काही सांगून टाकायचं नव्हतं तिला.

"ही पोरगी कोट उतरवती तवा तुमी मान मुरडून लाजला," ती म्हणाली. "बाया अशा लाजत न्हाईत."